चिमीचे कागद

मुलाकडे बेटावर अडीच वर्षं राहून परत आलो, त्याला पंधरा दिवस झाले. भेटेल तो विचारतो, बेट कसं आहे, समुद्र कसा आहे, खायला काय मिळतं. समुद्र चांगला आहे. निळा आहे, स्वच्छ आहे आणि त्याच्याकडे बघायला परवाना लागत नाही. खायला मासे, भात आणि पाव. पण मला या प्रवासातलं जे सांगावंसं वाटतं ते बहुतेक समुद्राच्या अलीकडे घडलेलं आहे. विमानात आम्ही अर्धा दिवससुद्धा बसलो नाही. तयारीला मात्र तेरा महिने लागले, कारण आमच्याबरोबर चिमी होती.

चिमी आमची कुत्री. तांबूस रंग, उभे कान, वर वळलेली शेपूट. बारा वर्षांपूर्वी आमचा मुलगा अमेय नोकरीसाठी त्या बेटावर गेला, त्याच महिन्यात ती आमच्या घरामागच्या बंद यंत्रमागांच्या शेडमध्ये सापडली. माझी पत्नी सुनंदा तेव्हा दिवसाला दहा वाक्यंही बोलत नसे. चिमी आली आणि सुनंदा बोलायला लागली. माझ्याशी नव्हे, चिमीशी. पण घरात आवाज सुरू झाला, हे काही कमी नव्हतं.

मी स्वतः तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले. त्रुटी असलेला कागद माझ्या टेबलावरून कधी पुढे सरकला नाही, अशी माझी ख्याती होती. लोक माझ्याबद्दल आणखीही काही म्हणत असतील, पण ते माझ्या तोंडावर कुणी म्हटलं नाही.

चार वर्षांपूर्वी सुनेला दिवस गेले आणि अमेयचा फोन आला. बाळ झाल्यावर तिची रजा संपेल, तोवर तुम्ही दोघं या, दोन-तीन वर्षं राहा. सुनंदा म्हणाली, "चिमी येणार असेल तर मी येते."

"आई, इथले नियम फार कडक आहेत."

"मग तुझ्या बाबांना सांग की. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलंय?"

सोलापूर

अमेयने नियमावली पाठवली. ती छापून घेतली तर एक छोटं पुस्तकच झालं. बेटावर रेबीज नाही, तो येऊ नये म्हणून हे सगळं. एका बैठकीत वाचून काढली आणि खरं सांगतो, मन भरून आलं. काय मसुदा होता! प्रत्येक कलमाला पोटकलम, प्रत्येक पोटकलमाला अपवाद आणि प्रत्येक अपवादाला तो आपल्याला लागू नाही असं सांगणारी टीप. आमच्या कचेरीत असं लिहिणारा एकही माणूस नव्हता. आम्हा दोघांच्या व्हिसाला फोटो, बँकेचं पुस्तक आणि मुलाचं पत्र पुरलं होतं. आम्हाला कुणी चावता का म्हणूनही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिमीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. व्हरांड्यात शेळ्या, एक बैल आणि टेम्पोतून उतरवलेली एक म्हैस होती. म्हशीचे मालक माझ्या शेजारी बाकावर बसले होते. कुंभारीचे शेतकरी, आडनाव बिराजदार.

"काय झालंय कुत्रीला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. परदेशी न्यायचीय. मुलाकडे."

"व्हय? आन् तुमी?"

"आम्हीपण जाणार आहोत."

त्यांनी जरा विचार केला. "मंजे तुमी तिच्यासंगं चाललाय म्हना की."

एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. डॉक्टर माने वयाने लहान, पण कामाला चोख. त्यांनी नियमावली चाळली आणि विचारलं, "काका, रेबीजची लस कधी दिली होती?"

"मागच्याच महिन्यात. तुम्हीच दिलीत."

"मग ती धरता येणार नाही. यांच्याकडे आधी कातडीखाली चिप बसवायची, मग लस. लस आधी झाली असेल तर पुन्हा द्यायची."

"अहो, पण लस तर हिलाच दिलीय ना?"

"हिलाच दिली हे कशावरून?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मी किती जणांना विचारला असेल याचा हिशेब नाही. मला तो पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. या प्रश्नाला उत्तर नसतंच, म्हणून तर तो विचारायचा असतो.

तांदळाच्या दाण्याएवढी चिप चिमीच्या मानेत गेली. बिराजदार दारातून बघत होते. "आमच्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला हाय, त्याच्यावर नंबर," ते म्हणाले. "हिच्या कातड्यात घातला. माणसाचा कुटं घालत्यात?"

"माणसाला कार्ड देतात."

"ते हरवतंय की. हे लई बेस."

घरी येऊन संगणकावर अर्ज भरायला बसलो. नाव, वय, रंग ठीक. पुढचा रकाना जातीचा. त्यात जातींची लांबलचक यादी होती, त्यातून एक निवडायची. यादीत जर्मन होते, अफगाण होते, चिनी होते, एक तर नुसतं केस म्हणावं असं कुत्रं होतं. गावठी नव्हतं. मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, आपल्याकडच्या कुत्र्यांना इंग्रजीत 'परायाह' म्हणतात, तसं लिहा. सुनंदाने त्याचा अर्थ विचारला. मी शब्दकोश काढून वाचून दाखवला: वाळीत टाकलेला, समाजाबाहेरचा.

"माझ्या चिमीला असलं काही लिहायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, ते फक्त नाव आहे."

"तुमच्या कचेरीत जातीचे दाखले मिळायचे. त्या लोकांनाही असंच सांगत होता का, फक्त नाव आहे म्हणून?"

"दाखल्यावर साहेबांची सही असायची. मी फक्त कागद तपासायचो."

"तेच विचारतेय मी," ती म्हणाली आणि चिमीला घेऊन अंगणात गेली.

शेवटी यादीच्या तळाशी 'इतर' सापडलं. त्याच्यापुढे तपशील द्या, अशी जागा होती. तिथे मी लिहिलं: सोलापूर. बेटाने ते निमूट मान्य केलं. पुढे आलेल्या प्रत्येक पत्रात चिमीची जात सोलापूर अशीच छापलेली आहे, आणि ती वाचताना मला उगाच ऊर भरून आल्यासारखं होतं.

जातीवर निभावलं, पण मी लांडग्यावर अडकलो. अर्जात प्रश्न होता: प्राणी राहतो त्या परिसरात लांडगे आढळतात काय? अमेय फोनवर म्हणाला, "बाबा, नाही लिहा आणि पुढे जा."

"खोटं कसं लिहू? आपल्या जवळच नान्नजच्या माळावर लांडगे आहेत. पाटी आहे तशी."

"ते तुमच्या गल्लीत आलेत का कधी?"

"प्रश्न गल्लीचा नाही, परिसराचा आहे."

मी 'होय' लिहिलं. आठ दिवसांनी बेटाकडून पत्र आलं. भाषा नम्र होती. प्राण्याच्या मागील पाच पिढ्यांत लांडग्याचा संकर झालेला नाही याचा समाधानकारक पुरावा जोडावा. मी ते पत्र दोनदा वाचलं. माणसाच्या जातीसाठी आम्ही आजोबांच्या शाळेचा दाखला मागत असू. हे आमच्याही पुढे गेले होते.

पुरावा म्हणजे प्रतिज्ञापत्र, असं ठरवून कोर्टाजवळ पत्र्याखाली बसणाऱ्या नोटरीकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हिची आई कोण?"

"माहीत नाही."

"बाप?"

"तोही नाही."

"आणि तुम्ही पाच पिढ्यांची शपथ घेणार?"

"तसं पत्र आलंय हो."

नोटरी अनुभवी होते. त्यांनी टायपिस्टला सांगितलं, "सुरुवातीला घाल, माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, या चार शब्दांवर हे सगळं आवार उभं आहे."

बेटाने प्रतिज्ञापत्र स्वीकारलं. आज जगात अशी एक कुत्री आहे, जिच्या पाच पिढ्यांच्या चारित्र्याची मी शपथेवर हमी दिलेली आहे. माझ्या स्वतःच्या तीन पिढ्यांपलीकडे मला काही ठाऊक नाही.

पुणे आणि परत

चिपनंतर लस झाली, लसीनंतर महिनाभर थांबलो आणि मग चिमीचं रक्त काढलं. लसीने अंगात पुरेशी ताकद आली की नाही, हे त्या रक्तावरून ठरणार. ते तपासणारी मान्य प्रयोगशाळा परदेशात, आणि तिकडे पाठवायची सोय पुण्यात. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी एसटीने पुण्याला गेलो. शेजारच्या बाईंनी भिगवणला विचारलं, "डब्यात मासे आहेत का?" मी म्हणालो, "रक्त आहे." इंदापूरपासून उभा असलेला एक माणूस त्यांच्या जागी बसला.

निकाल महिन्याने आला. ताकद हवी त्याहून कमी. डॉक्टर माने म्हणाल्या, होतं असं काही जनावरांत. पुन्हा लस, पुन्हा महिना, पुन्हा रक्त. आणि रक्त पास झालं तरी ते काढल्यापासून तीन महिने गेल्याशिवाय प्रवास नाही.

तोवर तिकडे नात झाली होती. फोनवर ती दिसायची आणि सुनंदा फोनच्या काचेवर बोट फिरवत बसायची. सुनेची रजा संपत आली होती. पाळणाघरात जागा नव्हती. अमेयचा आवाज चढायला लागला. "बाबा, एका कुत्र्यासाठी किती थांबायचं? नाहीतर तुम्ही तरी या."

"तुम्ही जा," सुनंदा मला म्हणाली. "मी हिला घेऊन मागून येते."

सुनंदाला एकटीला ते कागद जमणार नाहीत, हे मला माहीत होतं. ती गेली नाही तर तिकडे मुलाचा संसार तुटण्याइतका ताणला जाणार, हेही दिसत होतं. मग मी एक गोष्ट ठरवली आणि ती कर्तव्य म्हणून ठरवली. माणूस अशा गोष्टी त्याच नावाने ठरवतो.

कुंभारी

बिराजदारांचा नंबर माझ्याकडे होता. दवाखान्यात दोन-तीनदा भेट झाली होती. चिमीला ठेवून घ्याल का, असं मी विचारलं, ते लगेच म्हणाले, "आना की. शेळ्यांमागं कुत्रं लागतंयच."

सुनंदाला मी सांगितलं, दोन दिवस ठेवून बघू. तिने वाद घातला नाही. चिमीची जेवणाची स्टीलची थाळी घासून पुसून पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. तिने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

रिक्षाने कुंभारीला गेलो. बिराजदारांची वस्ती गावाबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत. समोर तुरीचं रान, कडेला शेळ्यांचा गोठा. चिमीने सगळं हुंगून घेतलं, म्हशीची ओळख पटवली आणि शेळ्यांच्या मधोमध जाऊन बसली. बिराजदारांच्या घरून मला भाकरी, ठेचा, दाण्याची चटणी आणि ताक आलं. भूक नाही असं म्हणत मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

"ऱ्हाईल का हो?" मी विचारलं.

"ऱ्हाईल की. कुत्र्याला काय लागतंय? भाकरी आन् काम."

निघालो तेव्हा ती बांधापर्यंत आली. मागे एक शेळी हलली, तशी वळून परत गेली. रिक्षात मला हलकं वाटायला हवं होतं.

घरी सुनंदाने चिमीचं बसायचं पोतं झटकून, घडी करून कपाटात ठेवलं होतं. मला वाढलं. वाढताना बोलली नाही, आवरताना बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रागावली नव्हती ती. विचारलं की उत्तर द्यायची, हो किंवा नाही. आठ वर्षांपूर्वीची सुनंदा घरात परत आली होती आणि तिच्याशी कसं बोलायचं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी न सांगताच रिक्षा करून कुंभारीला गेलो. वाटेत डोक्यात चित्र तयार होतं: चिमी मला बघून धावत येईल, अंगावर उडी मारेल, बिराजदारांचे डोळे पाणावतील. प्रत्यक्षात चिमी त्यांच्या टेम्पोखाली झोपली होती. तिने डोळे उघडले, शेपूट दोनदा जमिनीवर आपटली आणि पुन्हा डोळे मिटले.

"चिमे, चल," मी म्हणालो.

काही नाही.

बिराजदार हसायला लागले. "सायेब, तिला हितं जागा गावली. तुमालाच न्हाई गावली वाटतं."

"घरी बाई जेवत नाही हो नीट."

ते हसायचे थांबले. "मग मला कशाला सांगताय? तिला सांगा."

मी खाली मातीत बसलो, पँटची पर्वा न करता, आणि टेम्पोखाली वाकून त्या कुत्रीला सगळं सांगितलं. सुनंदाचं, नातीचं, पाळणाघराचं. मी चुकलो, असंही म्हणालो. ते शब्द मी कचेरीत कधी उच्चारले नव्हते, घरी तर नाहीच. विनवण्या मी खूप ऐकल्या होत्या, केली ही पहिलीच. समोरच्याला अजिबात घाई नसली की विनवणी करणाऱ्याला कसं वाटतं, ते कळलं. बराच वेळ चिमीने ऐकून घेतलं. मग रिक्षावाल्याने कंटाळून गाडी सुरू केली. तो आवाज कानावर पडताच ती उठली, अंग झटकलं आणि माझ्या आधी रिक्षात चढून बसली.

"बसा आता," बिराजदार म्हणाले. "न्हेती म्हनती तुमाला."

घराचं दार सुनंदाने उघडलं. चिमी तिच्या पायातून आत गेली. सुनंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "पँटला काय लागलंय ते? काढा, भिजत घालते." एवढंच. पण त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत बोलत होती. आमच्या दोघांशी.

दुसऱ्या खेपेला रक्त पास झालं. सुनेने बिनपगारी रजा वाढवून घेतली. अमेय महिनाभर माझ्याशी तुटक बोलला, आणि त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

मुंबई

निघायच्या दोन दिवस आधी मुंबईत पोचलो. इथून देशाबाहेर जनावर न्यायचं तर ना हरकत दाखला लागतो. खिडकीत एक तरुण अधिकारी मुलगी होती. तिने चिमीची फाइल उघडली. मी निर्धास्त होतो. प्रत्येक कागद अनुक्रमे, पानांना नंबर, वर सूची. तिने दोन पानं शेजारी शेजारी ठेवली.

"लसीच्या कार्डावर नावात एक एम आहे. रक्ताच्या अहवालात दोन आहेत."

मी बघितलं. खरंच होतं. एका ठिकाणी चिमी, दुसऱ्या ठिकाणी चिम्मी. तेरा महिन्यांत मला दिसलं नव्हतं. मला! माझ्या मागे पिंजऱ्यात चिमी, शेजारी सुनंदा, आणि विमान परवा. ही मुलगी आता काय म्हणणार ते मला शब्दशः माहीत होतं: त्रुटीची पूर्तता करून पुन्हा सादर करावे.

आणि तिथे उभ्याउभ्या मला अक्कलकोटकडच्या एका बाई आठवल्या. निराधार पेन्शनचा अर्ज घेऊन आल्या होत्या. रेशनकार्डावर गुरुबाई, बँकेच्या पुस्तकावर गुरव्वा. त्यांना मराठी फारसं येत नव्हतं. "नाने री, नाने," म्हणत होत्या कानडीत, छातीवर हात ठेवून. मीच हो, मीच. मी परत पाठवलं. दुसऱ्यांदा दाखला आणला, त्यावर गुरवाबाई होतं. परत पाठवलं. तिसऱ्यांदा शिक्का पुसट होता. चौथ्यांदा त्या आल्या नाहीत. 'अर्जदार गैरहजर' असा शेरा मारून मी फाइल बंद केली. इतक्या वर्षांत त्यांची आठवण मला एकदाही आली नव्हती. आली ती एका कुत्रीच्या नावातल्या जादा 'म'मुळे.

"मॅडम," मी म्हणालो आणि पिंजऱ्यातल्या चिमीकडे बोट दाखवलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "काका, घाबरू नका. चिपचा नंबर दोन्हीकडे एकच आहे. दोन्ही नावं एकाच कुत्रीची आहेत, असा साधा अर्ज लिहून द्या. मी जोडून घेते."

"एवढंच?"

"मग अजून काय हवं?"

मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. तीन ओळींचा. माझ्या हाताने लिहिलेला सगळ्यात चांगला अर्ज असेल तो. दहा मिनिटांत दाखला हातात पडला. सुनंदा म्हणाली, "किती चांगली मुलगी आहे." तिच्या जागी मी असतो तर आम्ही तेव्हा सोलापूरच्या गाडीत असतो.

बेट

बेटावर उतरल्यावर पहिली गाठ पडली कुत्र्याशीच. निळं जाकीट घातलेलं, लांब कानांचं, सरकारी नोकरीतलं. लोकांच्या सामानातून बिया, फळं, माती हुंगून काढणं हे त्याचं काम. सगळ्या रांगेतून चालत आलं आणि सुनंदाच्या पिशवीसमोर शांतपणे बसलं.

"आला बघा, चिमीचा वास लागला त्याला," सुनंदा कौतुकाने म्हणाली.

चिमीचा नव्हे, दाण्याच्या चटणीचा. चटणी जप्त झाली. चिमीच्या पिंजऱ्यात सुनंदाने आपली जुनी सुती साडी अंथरली होती, ती तर नियमाप्रमाणे जाळणार, असं अधिकाऱ्याने सांगितलं. मी भाषांतर केलं. सुनंदा म्हणाली, "त्याला म्हणावं, एकदाच धुतली तर चालणार नाही का?" मी तेही भाषांतर केलं. चाललं नाही.

चिमीला महिनाभर विलगीकरणात ठेवलं. ती जागा मुलाच्या घरापासून तासाभरावर, समुद्राला लागून, सुरूच्या झाडांत. प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र खोली, पंखा आणि दुपारी मंद संगीत. "माझ्या बाळंतपणात मला एवढा पंखा नव्हता," सुनंदा म्हणाली. मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धा तास भेटता यायचं. आधी बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, मग अंगात झगा, हातात मोजे. त्या वेषात आम्हाला बघून चिमी पहिल्यांदा भुंकली.

तिथे मार्था नावाच्या बाई जनावरांची देखभाल करत. धिप्पाड, हसऱ्या. पहिल्या शुक्रवारी त्यांचा चेहरा उतरला होता. चार दिवस चिमीने काही खाल्लं नव्हतं. समोर ठेवलेले खाण्याचे कोरडे दाणे तसेच. आणखी दोन दिवस असंच गेलं तर सलाइन लावावं लागेल, म्हणाल्या. सुनंदाला इंग्रजी येत नाही, मार्थाबाईंना मराठी नाही. सुनंदाने एका हाताची वाटी केली, दुसऱ्या हाताने त्यात काहीतरी ओतलं, कालवलं आणि बोट चाटून दाखवलं. मार्थाबाई आत गेल्या आणि दही घेऊन आल्या. पाणी घालून त्याचं ताक केलं, त्यात ते दाणे कुस्करले. चिमीने थाळी चाटून साफ केली. मार्थाबाईंनी सुनंदाला मिठी मारली. बहुतेक तेही नियमात बसत नसावं.

एरवी बेटावर मन रमायला वेळ लागला. रस्ते धुतल्यासारखे आणि रस्त्यावर एकही मोकळं कुत्रं नाही. "गल्लीत कुत्रं नाही, मग नवा माणूस आला हे कळतं कसं यांना?" सुनंदाला प्रश्न पडला. कळत नाही, कारण बघायला कुणी बाहेर नसतंच. शेजारी माणसं एकमेकांना लांबून हात करतात आणि एकमेकांच्या कुत्र्यांशी मात्र वाकून, नावाने, सविस्तर बोलतात. आमची ओळख व्हायची तर चिमी सुटायला हवी होती. नात मात्र पहिल्याच दिवशी सुनंदाच्या खांद्यावर झोपली. सून रजा संपवून कामावर गेली आणि अमेय माझ्याशी पूर्वीसारखा बोलायला लागला.

महिना पूर्ण झाला त्या दिवशी बाळाला अमेयजवळ ठेवून, भाड्याच्या मोटारीने आम्ही दोघं चिमीला आणायला गेलो. मार्थाबाईंनी तिला बाहेर आणून पट्टा सुनंदाच्या हातात दिला आणि दोघीजणी हिरवळीवर थांबल्या. मला आत कागदांवर सह्या करायच्या होत्या.

टेबलामागे एक वयस्क अधिकारी होते. टोकदार पेन्सिल, स्वच्छ रबर, डाव्या हाताला ओला स्पंज, उजव्या हाताला शिक्के उंचीप्रमाणे लावलेले. मला बघताक्षणी ओळख पटली. असा माणूस प्रत्येक देशात एक तरी असणार आणि त्याच्या टेबलावरून त्रुटी असलेला कागद पुढे जात नसणार. त्यांनी सुटकेचा दाखला माझ्यासमोर ठेवला, चार प्रती.

"नीट वाचा," ते म्हणाले. "चूक असेल तर सहीच्या आधी सांगायची. सही झाली की नोंद कायम."

"चूक निघाली तर?"

"दुरुस्ती मुख्य कचेरीतून होते. आठ ते दहा दिवस. तोपर्यंत प्राणी इथेच."

मी वाचायला लागलो. नाव, चिमी, एक एम. चिपचा नंबर, प्रत्येक आकडा बरोबर. जात, सोलापूर. रंग, तांबूस. लिंग, नर.

पुन्हा वाचलं. नर. चारही प्रतींवर.

एकतीस वर्षं माझ्या आत बसलेला माणूस जागचा उठला. चूक ढळढळीत होती. कायम नोंदीत जाणार होती. तिच्यावर बोट ठेवणं हे माझं आयुष्यभराचं काम, आणि सांगायला हरकत नाही, माझा आनंदही तोच होता. काचेतून बाहेर बघितलं. सुनंदा मार्थाबाईंना काहीतरी सांगत होती, मराठीत, भराभर. चिमी पट्टा ताणून मोटारीच्या दिशेला तोंड करून उभी होती.

"सगळं बरोबर आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"सगळं बरोबर आहे," मी म्हणालो आणि चारही ठिकाणी सही केली.

त्यांनी प्रती आपल्याकडे ओढल्या आणि शिक्का मारायच्या आधी एक एक ओळ पेन्सिलीने टिपत तपासू लागले. मीही असंच करत असे. पेन्सिल रंगावर आली, पुढच्या ओळीवर आली आणि थांबली. ते चष्म्याच्या वरून बाहेर बघू लागले. नेमकं त्याच वेळी चिमी हिरवळीवर, कुठल्याही शंकेला जागा न ठेवता, खाली बसून लघवी करत होती.

आम्ही दोघांनी ते पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला आणि एका पाठोपाठ एक, चारही प्रतींवर मारला.

"तुमचा कुत्रा फार गुणी आहे," ते म्हणाले.

मी आभार मानून बाहेर आलो.

"एवढा वेळ लागला?" सुनंदाने विचारलं.

"कागद वाचत होतो."

"बरोबर आहेत ना सगळे?"

मी तिच्या हातातून पट्टा घेतला. "चल," म्हणालो, "घरी बाळ उठलं असेल."